खाज आहे की दुखतंय, ते आधी सांग

काल रात्री तू पाठवलेला लेकाच्या डोळ्यांचा फोटो मी मोठा करकरून पाहिला. दोन्ही डोळे लाल, पापण्या जड झालेल्या, आणि खाली तुझं एकच वाक्य: "ताई, मेडिकलमधून कुठले थेंब आणू?" अगं, ग्रामीण रुग्णालयाच्या नेत्रविभागात माझी उमेदीची वर्षं गेली, तरी फोटो बघून थेंबांचं नाव मी तुला सांगणार नाही. रागावू नकोस. त्याच्याऐवजी मीच तुला विचारते, नीट आठवून उत्तर दे. त्याच्या डोळ्यांना खाज सुटते, की डोळा दुखतोय?

लाल डोळा घेऊन कुणीही आलं की आमच्याकडे पहिला प्रश्न हाच असतो. कारण लाली सगळ्यांची सारखीच दिसते. धुळीची, साथीची, जखमेची, आत दाब वाढल्याची. खरा फरक कळतो तो माणसाला आतून काय होतंय त्यावरून. जिवाच्या आकांतानं चोळावंसं वाटतंय, दोन्ही डोळ्यांना वाटतंय, तर बहुतेक वेळा ती अ‍ॅलर्जी असते. वाळू गेल्यासारखं खुपतंय, चुरचुरतंय, तर साथ असेल नाहीतर कोरडेपणा. पण डोळा खोल ठणकतोय, उजेड सोसवत नाही, दिसायला अंधुक झालंय, तेही एकाच डोळ्याला, तर मग घरात बसून राहायचं नाही. त्या डोळ्याबद्दल पुढे सांगते.

तुझ्या लेकाचं मला बरंचसं ओळखीचं वाटतंय. होळी झाली की सुरू होतं, उन्हाळाभर चालतं, पाऊस लागला की आपोआप उतरतं, आणि गेल्या वर्षीही असंच झालं होतं म्हणालीस. सकाळी डोळ्याच्या कोपऱ्यात चिकट पांढरी तार येते, ओढली तर लांबते. उन्हात नेलं की मान खाली घालतो. शिवाय लहानपणी त्याला बाळदमा होता, हे मला आठवतंय. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांमध्ये, त्यातही मुलग्यांमध्ये जास्त, अशी ऋतूप्रमाणे येणारी डोळ्यांची अ‍ॅलर्जी आपल्याकडच्या कोरड्या, उष्ण, धुळीच्या भागात अगदी नेहमीची आहे. डॉक्टर तिला 'व्हर्नल' म्हणतात, केसपेपरवर व्हीकेसी एवढंच लिहितात. ती पक्की करायला डॉक्टर वरची पापणी उलटी करून बघतात. निरोगी पापणी आतून गुळगुळीत गुलाबी असते. या मुलांच्या पापणीच्या आत भिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीसारखे चपटे दाणे एकाला एक लागून उठलेले दिसतात. तेच दिवसभर बुबुळावर घासत असतात. पोराला खुपतं ते उगाच नाही गं, नाटक करतोय म्हणून त्याला कधी ओरडू नकोस.

आता तुला खरी काळजी कशाची घ्यायची ते सांगते. चोळण्याची.

खाज का सुटते? परागकण, धूळ, गाद्यांमधले डोळ्याला न दिसणारे किडे, मांजराच्या अंगावरचा कोंडा, असलं काही डोळ्याच्या पातळ पडद्याला लागलं की तिथल्या पेशी फुटतात आणि हिस्टामिन नावाचं रसायन बाहेर पडतं. त्यानं शिरा फुगतात, पाणी येतं, खाज सुटते. आणि चोळलं की आणखी पेशी फुटतात, आणखी हिस्टामिन सुटतं. म्हणून चोळल्यावर मिनिटभर बरं वाटतं आणि मग दुप्पट खाज येते. हे झालं आजचं. पण वर्षानुवर्षं मुठींनी डोळे रगडणाऱ्या मुलांचं बुबुळ हळूहळू पातळ होत जातं आणि पुढे टोकदार येतं. त्याला केराटोकोनस म्हणतात. वर्षावर्षाला चष्म्याचा नंबर वाढतो, तिरपा नंबर वाढतो, आणि चष्मा लावूनही नीट दिसत नाही. वेळेत कळलं तर क्रॉस-लिंकिंग नावाचा उपचार करून ते वाढणं थांबवता येतं, पण एकदा गेलेला आकार पूर्ण परत येत नाही. म्हणून सांगते, लेकाचा नंबर सहा-सहा महिन्यांनी बदलत असेल तर "टीव्ही फार बघतो" म्हणून सोडून देऊ नकोस. बुबुळाचा नकाशा काढणारी तपासणी असते, ती करायची का, ते डॉक्टरांना विचार.

नुसतं "चोळू नको" म्हणून तो थांबणार नाही, कुठलंच मूल थांबत नाही. त्याच्या हाताला दुसरं काही दे. फ्रीजमधल्या थंड पाण्यात भिजवून पिळलेला स्वच्छ सुती रुमाल मिटलेल्या पापण्यांवर पाच-दहा मिनिटं ठेव. बर्फ थेट लावू नकोस. डोळ्याला वंगण म्हणून मिळणारे साधे थेंब, ज्यांना कृत्रिम अश्रू म्हणतात, ते फ्रीजच्या दारात ठेवून गार घातले तर चिकटलेले कण धुऊन जातात आणि खाजही उतरते. बाहेरून आला की हातपाय धुतानाच चेहरा आणि पापण्या पाण्यानं धुवायच्या, हे अंगवळणी पाड. उन्हात टोपी आणि गॉगल. त्याची उशी आणि गोधडी दर आठवड्याला कडक गरम पाण्यात धुऊन उन्हात टाक. घरात झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्यानं पूस, आणि जाळीजळमटं काढायची, माळा आवरायचा, तेव्हा त्याला मावशीकडे पाठव, म्हणजे माझ्याकडे. तुमच्या घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर गाजरगवत माजलंय ना? ते फुलायच्या आधी उपटून घ्या, हातात मोजे घालून, तोंडाला फडकं बांधून. त्याचे परागकण नाकाडोळ्यांचे आणि कातडीचे शत्रूच आहेत.

औषधं आहेत, आणि चांगली आहेत. ओलोपॅटाडीन, केटोटिफेन अशा नावांचे अ‍ॅलर्जीचे थेंब डॉक्टर देतात. त्यांनी खाज लवकर उतरते, पण त्यांचा खरा उपयोग रोज, न चुकता, मोसमभर घातल्यानं होतो. खाज आली की घातले, थांबली की बंद केले, असं केलं तर आजार तिथेच राहतो. पुढच्या वर्षी होळीची वाट बघू नकोस, फेब्रुवारीतच दाखवून ये. आधीपासून सुरू केलेल्या थेंबांनी उन्हाळा पुष्कळ हलका जातो. आणि बहुतेक मुलांचं वयात आल्यावर हे सगळं आपोआप शांत होतं, तेव्हा धीर सोडू नकोस. तोवर बुबुळ आणि डोळ्याची नस सांभाळायची, एवढंच आपल्या हातात आहे.

नस म्हटलं, तर आता ते मेडिकलचं. मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते.

तू दुकानात जाऊन "डोळे लाल झालेत, काहीतरी द्या" म्हणालीस, तर हातात पडणाऱ्या बाटलीत बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. कधी एकटं, कधी प्रतिजैविकाच्या जोडीनं. ते घातलं की संध्याकाळपर्यंत डोळा पांढरा स्वच्छ. पोरगं खेळायला लागतं, आईला वाटतं काय जादूचं औषध आहे. मग पुढच्या वेळी तीच बाटली, नंतर तीच दाखवून दुसऱ्या दुकानातून, नंतर चुलत भावाला, शेजारणीच्या मुलीला. महिनोन् महिने ते थेंब पडत राहिले की काही मुलांच्या डोळ्यांतला दाब वाढतो. दुखत नाही, लाल होत नाही, काहीच कळत नाही. त्या दाबानं डोळ्याची मुख्य नस वाळत जाते, म्हणजे काचबिंदू. शिवाय कमी वयात मोतीबिंदू. मोतीबिंदू शस्त्रक्रियेनं काढता येतो गं, पण काचबिंदूनं गेलेली नजर जगातला कुठलाच डॉक्टर परत आणू शकत नाही. आमच्या ओपीडीत अशी मुलं यायची. डोळे दिसायला स्वच्छ, आणि बाजूचं दिसत नाही म्हणून चालताना दाराच्या चौकटीला अडखळणारी. त्यांच्या आया काही निष्काळजी नव्हत्या. आपलं लेकरू रडू नये म्हणूनच त्या बाटल्या आणत होत्या.

स्टेरॉइड वाईट असतं असं नाही. आजार फार भडकला, बुबुळावर जखम होऊ लागली, तर डॉक्टर स्वतःच ते देतात, थोड्या दिवसांसाठी, हळूहळू कमी करत, मधे दाब मोजत. नजर ठेवणारं कुणी असेल तरच ते घालायचं, हा सगळा फरक आहे. घरात ज्या बाटल्या पडल्या असतील त्या आजच काढ. अक्षरं बारीक असतात, मोबाईलनं फोटो काढून मोठा करून वाच. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल, डायफ्लुप्रेडनेट, यातलं काहीही दिसलं तर ते स्टेरॉइड. औषधाच्या नावापुढे नुसतं 'डी' किंवा 'डीएक्स' असेल तर बऱ्याचदा आत डेक्सामेथासोन असतं. ही सगळी चिठ्ठीशिवाय न देण्याची औषधं आहेत. ज्या बाटलीचं झाकण उघडून महिना उलटला ती, आत काहीही असलं तरी, पुन्हा वापरू नकोस. आणि डोळे लगेच पांढरे करणारे जे थेंब मिळतात, लग्नाला जाताना घालायला, त्यांनी शिरा तेवढ्यापुरत्या आकसतात आणि नंतर आधीपेक्षा जास्त फुगतात. सवय लागते त्यांची. आणूच नकोस.

थेंब घालायची पद्धतही सांगते, कारण निम्मं औषध गालावर जातं. हात धुवायचे. पोराला उताणं झोपव. खालची पापणी बोटानं हलकेच खाली ओढली की छोटी खोबण होते, तिथे एकच थेंब. बाटलीचं टोक पापणीला, केसाला लागू द्यायचं नाही. मग डोळा मिटून नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोट दाबून धरायचं, मिनिट-दोन मिनिटं, म्हणजे औषध नळीतून घशात उतरत नाही. दुसरं औषध घालायचं असेल तर पाच मिनिटं थांबायचं. तो डोळे घट्ट मिटून घेतो? मग मिटलेल्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर थेंब ठेव आणि त्याला सांग, आता उघड. आपोआप आत जातो.

हे झालं खाजेचं. डोळे येण्याची साथ वेगळी. २०२३ च्या जुलैमध्ये आळंदीच्या शाळांमधून सुरू झालेली साथ आठव, बघता बघता राज्यभर पसरली होती. १९७१ मध्ये अशीच मोठी साथ आली होती, बंगालमध्ये तिला लोक 'जय बांगला' म्हणत. पावसाळ्यात येणारी ही साथ बहुतेक वेळा विषाणूची असते. आधी एक डोळा, एक-दोन दिवसांत दुसरा, पाण्याच्या धारा, खुपणं, कधी कानापुढे छोटी गाठ. याला प्रतिजैविक लागत नाही, आठ-पंधरा दिवसांत शरीरच निस्तरतं. गार शेक, कृत्रिम अश्रू, आराम, पुष्कळ झालं. पिवळा-हिरवा घट्ट पू येत असेल, सकाळी पापण्या चिकटून उघडत नसतील, तर मात्र जिवाणूंचा संसर्ग असू शकतो, तिथे डॉक्टर प्रतिजैविकाचे थेंब देतात. आणि साथ बघितल्यानं लागत नाही गं. सासूबाई म्हणतात ना, त्याच्या डोळ्यांत बघू नको? लागते ती हातांनी, टॉवेलनं, उशीच्या अभ्र्यानं, एकाच बाटलीतून सगळ्या घराला थेंब घातल्यानं. घरात कुणाला आले तर त्याचा टॉवेल वेगळा ठेव आणि डोळ्यांतून पाणी येतंय तोवर शाळेला सुट्टी दे. नवजात बाळाचे डोळे लाल झाले, चिकटले, तर मात्र साथ वगैरे म्हणत बसायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना.

आणि तुझं काय? दिवसभर ऑफिसात एसीखाली कॉम्प्युटर, रात्री मोबाईल, आणि संध्याकाळी डोळे लाल होतात, चुरचुरतात, मधेच पाणी येतं म्हणतेस. पाणी येतंय म्हणजे कोरडे कसे, असं तू विचारशील. डोळा कोरडा पडून चुरचुरायला लागला की मेंदू पाण्याची धार सोडतो, पण ते नुसतं पाणी असतं, त्याला टिकवणारा तेलाचा थर नसतो. ते तेल पापणीच्या कडेच्या ग्रंथींतून येतं, आणि आपली पापणी लवली की पसरतं. एरवी मिनिटाला पंधरा-वीस वेळा आपण पापण्या मिटतो, पडद्याकडे टक लावली की त्याच्या निम्म्याही होत नाहीत. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद खिडकीबाहेर लांब बघ आणि पापण्या पूर्ण मिटून उघड. एसीचा झोत तोंडावर घेऊ नकोस. रात्री कोमट फडक्याचा शेक दे, आणि पापणीच्या केसांच्या मुळाशी कोंडा धरला असेल तर मिटलेली पापणी हलक्या हातानं पुसून घे. सर्दीसाठी घेतेस त्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांनीही डोळे कोरडे पडतात, तेही डॉक्टरांच्या कानावर घाल. पाळी जायच्या वयात हा त्रास पुष्कळ बायकांना होतो आणि सगळ्या जणी तो मुकाट्यानं सोसतात. सोसू नकोस. कॉन्टॅक्ट लेन्स घालून झोपू नकोस, लेन्स नळाच्या पाण्यानं धुवू नकोस, आणि लेन्सच्या डोळ्याला लाली आली की पहिल्यांदा लेन्स काढ, मग दुखत असो वा नसो, दाखवून ये.

काजळाबद्दल आपलं मागेही बोलणं झालंय. बाळाच्या डोळ्यांत तर नकोच, बाहेरच्या काही काजळांत आणि सुरम्यांत शिसं सापडतं. दृष्ट लागू नये म्हणून सासूबाईंना तीट लावायची असेल तर ती कानामागे, पावलाला लावू देत, त्यांचंही मन राहतं. मध, तूप, तुरटीचं पाणी, गुलाबपाणी, अंगावरचं दूध, यातलं काही डोळ्यांत घालायचं नाही. माया सगळ्यात आहे, पण यातलं काहीच निर्जंतुक नाही, आणि आधीच सोललेल्या बुबुळावर जंतू पोचले की साध्या खाजेची जखम होते.

आता तो दुखणारा डोळा. गावी ऊसतोड चालू असते, भात झोडपतात, मक्याची पात डोळ्याला लागते. दोन दिवस काही नाही, मग डोळा लाल, ठणका, आणि बुबुळावर पांढरा ठिपका. बहुतेक वेळा ही बुरशीची जखम असते, आणि तिच्यावर स्टेरॉइडचा थेंब पडला की ती पेटते. पुढे आयुष्यभराचं फूल पडतं. बाबांच्या शेतावर कामाला येणाऱ्या बायांना हे तू सांग, माझ्यापेक्षा तुझं त्या जास्त ऐकतात. तंबाखूच्या चुन्याची पुडी मुलाच्या हातात फुटून डोळ्यात गेली, तर दवाखान्याकडे धावायच्या आधी जागेवरच डोळा पाण्यानं धुवायचा. पापणी उघडी धरून, निदान पंधरा-वीस मिनिटं, चुन्याचे कण निघेपर्यंत, आणि मग धावायचं. आणि सासूबाईंचा एक डोळा लाल होऊन त्या बाजूचं डोकं फुटायला लागलं, उलटी झाली, दिव्याभोवती रंगीत कडी दिसायला लागली, तर ते पित्त नव्हे. डोळ्यातला दाब एकाएकी वाढलेला असतो, त्या रात्रीच न्यावं लागतं. दुखत नाही, दिसतंय नीट, पण डोळ्याच्या पांढऱ्यात रक्ताचा लालभडक डाग पडलाय, असं मात्र झालं तर घाबरू नका. खोकल्यानं, जोर केल्यानं शिरेतून रक्त सांडतं, एक-दोन आठवड्यांत विरतं. फक्त बीपी मोजून घ्या.

तर सोमवारी लेकाला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. उपजिल्हा रुग्णालयातही नेत्रविभाग आहे, खाजगीतच जायला हवं असं नाही. गेल्या वर्षी आणि यंदा जे जे थेंब घातलेस त्या सगळ्या बाटल्या, रिकाम्या असल्या तरी, पिशवीत घालून ने आणि किती दिवस घातल्या ते न लपवता सांग. पापणी उलटून बघायला सांग, डोळ्याचा दाब मोजायला सांग, आणि चष्म्याचा जुना नंबर सोबत ठेव. दाब किती आला तो आकडा लिहून घे आणि मला फोन कर.